माया

पंधरा कुर्ते, गुरुवारपर्यंत.
मंगळदास मार्केटातून मुलींनीच ताका आणला होता,
गेरूच्या रंगाचा, वर पांढऱ्या रेषांची माणसं,
मीटरला एकशे चाळीस सांगून एकशे वीसला दिलेला.
पाड्यावरच्या घरांना नोटिसा लागल्या होत्या,
शनिवारी मोर्चा,
आणि मुलींना आदिवासींच्या बाजूने
दिसायचं होतं.
असं म्हणाल्या नाहीत त्या. म्हणाल्या, उभं राहायचंय.
पण मापं देताना डोळे आरशात होते.
मी कोण हसणारी? आगाऊ रक्कम मोजून घेतली.

दोन रात्री मशीन चाललं.
कापड आडवं टाकलं की माणसं झोपतात,
उभं टाकलं की नाचतात,
एवढंच पाहिलं मी.
मधल्या चौकोनात कोणीतरी हात पसरून उभं होतं,
बारा इंचांवर पुन्हा तेच, पुन्हा बारा इंचांवर.
काखेची गोलाई आली
तिथे कात्री फिरवली.

शुक्रवारी जैनी खरपडे आली,
टोपलीत उरलेले चार ताडगोळे आणि एक जुना ब्लाउज.
हँगरपुढे थांबली.
"कोणाचं लगीन?"
"लगीन नाही गं, तुमचाच मोर्चा."
"मग चौक कशाला?"
चौक लग्नघरात लिहितात, म्हणाली,
सवाशिणी लिहितात, तांदळाच्या पिठाने,
आत देवी बसते, ती बसल्याशिवाय लगीन लागत नाही.
मग कुर्त्याच्या काखेत बोट घातलं:
"हिची मान तू शिवणीत घेतलीस."

तेवढ्यात मुली आल्या कुर्ते न्यायला.
शर्वाणीने ऐकलं आणि तिचे डोळे भरले,
दुसरीने फोनवर शोधायला घेतलं,
तिसरी म्हणाली, मग आम्ही घालायचं काय?
जैनी हसली.
"घाला की. पैसे दिलेत.
पण सुनावणी मंगळवारी आहे, अकराला, वांद्र्याला.
शनिवारी काय, सगळेच येतात."

कोणीतरी फार अदबीने विचारलं,
ताई, उद्या तुम्ही तुमचं पारंपरिक नेसाल ना? फोटोत...
जैनीने पदर पुढे ओढला.
पोपटी नायलॉन, ताटाएवढे गुलाब,
थोरलीच्या लग्नात आहेर आलेली.
"हेच नेसणार. यात मी वारली नाय काय?"

मुली गेल्या. कुर्ते घेऊनच गेल्या.
जैनीने ब्लाउज पुढे केला:
काखेत कसतो, हात वर होत नाही,
आणि मंगळवारी साहेबापुढे हात वर करायचाय.

ब्लेडने टाके उसवत गेले.
आत दोन बोटं कापड निघालं,
अकरा वर्षांपूर्वी मीच सोडलेलं आणि विसरलेलं.
आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात.
बाहेरून दिसत नाही.
अंग वाढलं, दिवस पालटले की हाताशी येते.
त्या पंधरा कुर्त्यांना
मी माया सोडलीच नव्हती.
घाई होती. आणि एका दिवसाचं काम,
कोण पुन्हा उसवतंय!

ब्लाउज बाहेरून विटून मातकट झालेला,
आतली पट्टी अजून तशीच, जांभळी गर्द.
म्हटलं, जैनी, हे वेगळं दिसेल गं.
"दिसू दे."

मंगळवारी दुकानाला कुलूप लावलं.
पंधरांतल्या तिघी आल्या होत्या, साध्या कपड्यांत,
शर्वाणी त्यांत होती. बाकावर सरकून तिने मला जागा दिली.
आमच्या अंगावर काय आहे
कोणी पाहिलं नाही.
पंखा होता, फायली होत्या, पाण्याचं पिंप रिकामं.
दीड वाजता शिपायाने नाव पुकारलं, चुकीचं,
खर्डे म्हणाला.
जैनीने हात वर केला, पुरता वर,
खांद्यापाशी जांभळी पट्टी.
"खरपडे," ती म्हणाली. "हजर."

निकाल नाही लागला. तारीख मिळाली.
माझ्याकडे कागद नव्हता.
पिशवीत पावतीपुस्तक होतं, त्यातच उतरवली,
गिऱ्हाइकाचं नाव, खाली माप,
आणि डिलिव्हरीच्या रकान्यात
अठरा, गुरुवार, सकाळी अकरा.