मासळीबाजार, बर्गन

केमो संपून दोन वर्षं झाली होती.
आई कॉड निवडत होती, आणि समोरून
गुदरुन आली, वॉर्डातली नर्स,
साध्या कोटात, हातात बटाट्यांची पिशवी.
आईला तिथंच भडभडून आलं.
गुदरुन ओशाळली. "मला पाहून होतं असं कुणाकुणाला.
हल्ली मीच रस्ता बदलते."

ते सत्त्याऐंशी साल.
आज माझ्या पोर्टमधून तेच लाल औषध उतरतंय.
सकाळी एक गोळी घेतली होती, बस्स.
डब्यातलं चीज-सँडविच खातेय मी,
चोरून खाल्ल्यासारखं.

पायानं खुर्चीखाली चाचपते,
स्टीलचं भांडं नाही.

"काही हवंय?" आयरिक विचारतो. पंचविशीचा असेल.
म्हटलं, पुढं कधी बाजारात दिसले
तर रस्ता बदलू नकोस.

तो नुसता हसला. कळलं नसावं.