घंटा, पितळी, एक

जडसंग्रह नोंदवही, पान एकोणीस, ओळ सात :
घंटा, पितळी, एक. वजन साडेतीन शेर.
खरेदी सन एकोणीसशे अठ्ठेचाळीस,
किंमत अकरा रुपये आठ आणे.
शेऱ्याचा रकाना कोरा.

पुढे दरवर्षीच्या सह्या,
हिरव्या, निळ्या, एक तर चक्क पेन्सिलीची.
'प्रत्यक्ष पाहिली.'
त्यांतल्या बावीस माझ्या.

भांडाराच्या किल्ल्या देताना गवांदे भाऊसाहेब म्हणाले होते,
बाई, घंटा पानशेतच्या पुरात गेली.
पंचनामा ज्याने करायचा
त्या कारकुनाचं शनिवारातलं घरच गेलं,
त्याला घंटेचं कुठून सुचणार?
तेव्हापासून ती आहे.
आपण आहे म्हणतो, म्हणून आहे.
सही करा नि चहा मागवा.

मी मागवला.

छप्पन्नाव्या वर्षी मला बाणेर रोडला धाडलं,
शासकीय मालमत्ता व्यवस्थापन, पाच दिवस,
शेवटी परीक्षा, पास झालात तर प्रमाणपत्र,
नाही झालात तर पुन्हा पाच दिवस.
शिकवणारा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा.
खुर्ची दहा वर्षं, कपाट वीस, म्हणाला,
याला म्हणायचं उपयुक्त आयुष्य;
आणि सगळा वर्ग एकदम
आपापल्या वहीत बघायला लागला.

बांधकामातला तांबोळी शेजारी बसायचा.
त्याच्या ताब्यात एक रोड रोलर,
इंजिनातून उंबर उगवलेला, दोन पुरुष उंच.
रोलर निर्लेखित करीन हो, तो कुजबुजला,
पण उंबर जमा कुठल्या पानावर धरू?
जेवणात गुलाबजाम होते. त्याने तीन घेतले.

प्रश्न अडतीसावा :
नोंद आहे, वस्तू नाही. कर्मचाऱ्याने काय करावे?
अ, वरिष्ठांना तोंडी विचारावे.
ब, मागील वर्षाप्रमाणे शेरा द्यावा.
माझा माऊस ब वर जाऊन थांबला,
घरच्या उंबऱ्यावर थांबावा तसा.
मग मी तो ढकलला. क.
एक गुण.

ऑगस्टात स्टिकर आले, काळ्या रेघांचे, सहाशे बारा.
टेबलं, पंखे, चुंबळीवरचा माठसुद्धा,
सगळ्यांना लावून झाले.
उरला एक.
तो अंगठ्याला चिकटून बसला,
दुसऱ्या हाताने काढला तर त्या हाताला.

तेव्हा लिहिलं : आढळून आली नाही.
चार शब्द. खाली सही, कुंदा ढमढेरे,
आणि कंसात, नियमाप्रमाणे, प्रमाणपत्र क्रमांक.

साहेब म्हणाले, दोन वर्षं राहिलीत तुमची,
कशाला हे नसते उद्योग?
मग खुलासा, तीन दिवसांत.
खुलाशावर टिप्पणी, टिप्पणीवर अभिप्राय,
फाइल सत्तेचाळीस पानांची झाली,
घंटेपेक्षा जड.
निर्णय : अकरा रुपये पन्नास पैसे वसूल करावेत.
मी बारा भरले. सुटे कुठून आणू?
जादा पन्नास पैशांची आता वेगळी नोंद आहे,
ती पुढची बाई ओढेल.

प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय.
कागद माझा, फ्रेम कार्यालयाची,
म्हणून फ्रेमला क्रमांक पडला.
निवृत्तीला काच-चौकट परत करून
कागद गुंडाळून न्यायचा, विचारून घेतलंय.

लाल शाईने ओळ सात छेदली त्या संध्याकाळी
नदीकडची खिडकी लावता लावता लक्षात आलं :
इतकी वर्षं मी ती पाहिली,
पण वाजायची कशी, हे
गवांद्यांनाही कधी विचारलं नाही.

ओळ आठ : टोल, लाकडी, घंटेचा, एक.
हा मात्र आहे.
मागच्या मांडणीखाली होता,
डोक्याला अजून वाळलेला गाळ.
फडक्याने पुसला, पुरता निघाला नाही.
उरलेला स्टिकर
त्याला लावला.