करंगळी

भूकंपात ताल्काच्या कलाशाळेतला
प्लास्टरचा अपोलो पडला,
युरोपातून बोटीनं आलेला, पेंढ्यात गुंडाळून.
बाकी सगळं सापडलं.
करंगळी तेवढी नाही.

शिपाई एवारिस्तो वेनुल
रात्रभर जिन्याखाली काहीतरी कालवत बसला.
सकाळी देव सबंध.

तेव्हापासून जो येतो तो
कोळशानं हाच हात गिरवतो:
चार बोटं ग्रीक,
पाचवं जरा वाकडं, नखावर
हातोडी बसल्याची खूण.

मी एकदा ते सरळ काढलं.
आम्पारोबाई रागावल्या नाहीत,
नुसतं खोडरबर पुढे सरकवलं.
‘दिसतं तेच काढ.’

दाराशी एवारिस्तो
फरशीवर पाणी शिंपडत होता
एका हातानं.
दुसरा खिशात.