उभे एक

रात्री अकराला, नवी पेठेत,
आखलेल्या वहीत
मुठा आडवी घातली, मुळा उभी.
दोघींना 'मु' एकच.
संगम झाला, खोडरबराविना.

मग बिहू कोपऱ्यात, पिठलं मधोमध,
कावेरीला तळाची अख्खी ओळ.
'ळ'ने मराठीत शब्द सुरू होत नाही,
म्हणून 'ळा'शेजारचं घर काळं केलं.
उभे एक: दिल्लीत पराठ्यात, पुण्यात पुलाखाली.

सकाळी सातला रिसबूडबाईंचा फोन.
"नदी कसली हो? पुलावर नाक धरून चालते मी.
पराठा पुरे होता."
बरं, म्हटलं.
ठेवता ठेवता म्हणाल्या,
"'मु' मात्र नेमका बसलाय."

दिवसभर ते काळं घर
पाण्यासारखं दिसत राहिलं.