सहा मिलिमीटर आस

दुकानात रोज कुणीतरी रिमलेस मागतं.
मी सांगतो, दिसते छान, पण जपावी लागेल;
कड नसली की टवका पहिला तिथेच उडतो.
घरी टाकी आणली ती मात्र बिनकाठाचीच.
अडीच फूट. बाजूने पाहिलं
तर काच कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं
ते नंबर काढणाऱ्यालाही कळू नये अशी.

दांडीच्या किनाऱ्यापासून चारशे पावलांवर
मी बादलीत विकतचं मीठ ढवळतो,
काचनळी डोळ्यांसमोर धरून खारटपणाचा आकडा वाचतो,
आणि बांगड्याची पाटी घेऊन जाणारी रोझी
खिडकीतून विचारते,
"डॉक्टर, समुद्र झालो काय तयार?"
(मी डॉक्टर नाही. चष्मे करतो.)

पहिला फायरफिश गेला तो मंगळवारी.
पुढून पांढरा, मागून निखारा,
कुठल्या दूरच्या खडकावरून पिशवीत बसून आलेला.
सकाळी टाकीत नव्हता. दगड उचलले, फिल्टर उघडला.
चौथ्या दिवशी केर काढताना नलूला सापडला,
शिवणयंत्राच्या पायट्याखाली, कडक.
"सुकवायचाच होता तर अंगणात तरी घालायचा," म्हणाली,
पण हसली नाही.
कागदात गुंडाळून जास्वंदीखाली पुरला.

म्हणजे झाकण हवं.

काच कापली, कडा स्वतः घासल्या.
आठवड्यात खालून घामेजली, मिठाची साय धरली,
पोवळ्यांवरच्या उजेडाला मोतीबिंदू.
वैशाखात दुपारभर वीज गेली
तेव्हा आतलं पाणी आतच तापू लागलं,
मी धावत येऊन काच उचलली
आणि वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसलो
माशांना.
अ‍ॅक्रिलिक कुडाळहून आणलं. पंधरा दिवसांत
उन्हातल्या फेणीसारखे चारी कोपरे वर.
एक बोट जाईल एवढी फट.
माशाला तेवढीच लागते.
नलूने दुधावरची जाळी आणून ठेवली, तिला गंज चढला.

शेवटी सातू कुबलाकडे गेलो.
उंडीच्या सावलीत रापणीचं जाळं मांडीवर,
पायाच्या अंगठ्यात दोर ताणलेला.
म्हटलं, तंगुसाचं हवं, पारदर्शक,
सहा मिलिमीटरचा आस.
(जाळ्याच्या डोळ्याला इथे आस म्हणतात.
इतकी वर्षं मी हा शब्द दुसऱ्याच कामाला लावला होता.)
त्याची सुई थांबली.
"पन्नास वर्सां जाळी इणतंय.
माशान पाण्यातच रवाचा म्हणान जाळा मागणारो
तू पयलोच.
आणि एवढो बारीक? ह्येच्यातसून पोरां पण सुटाची नाय."
माशांची पोरं. रापणीला असा आस लावला
तर त्याचं तोंड गावात कुणी बघणार नाही.
म्हटलं, सुटायला नकोच आहेत.
तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला,
मग म्हणाला, "माप दी."

गाठ मारताना हात लांब नेत होता.
अडीचचा नंबर, मी उभ्या उभ्या ओळखला.
पैसे घेईना, म्हणून दुकानात आणून बसवला,
सगळ्यात हलकी, बिनकाठाची फ्रेम पुढे केली.
"नको रे. ती जाड काळी दी.
होडयेत पडली तर हाताक गावाक व्हयी."

आता खिडकीच्या पट्टीची चौकट, तिच्यात सातूचं जाळं.
बाजूने पाहिलं तर एक राखाडी रेघ दिसते.
पाहुणे म्हणतात, शोभा गेली.
गाठींवर मिठाचे कण धरतात,
ते मी भिंगं पुसायच्या फडक्याने टिपतो.

रात्री दोनच्या सुमाराला टप्
आणि लगेच पाणी.
पुन्हा टप्.
उशीजवळचा चष्मा मी शोधत नाही.
नलू झोपेतच विचारते, "आत पडला ना?"
"आत."
काल तीनदा. आज दोनदा.