खुर्ची उचलून

गुडवोर खुर्ची ओढत नाही,
उचलते.
पातळ पत्र्यापलीकडे
तान्हं बाळ आत्ताच कुठे निजलंय;
त्याच्या आईचा सुस्कारासुद्धा ऐकू आला.

दार तिने दोन्ही हातांनी लावलं.
फट राहिली तर वारा
केबिनींच्या बोळभर शीळ घालत सुटतो,
हे पहिल्याच रात्री कळलं होतं.
ओला टॉवेल आत. कठड्यावर काही नाही.

मग पाय लांब.
गुडघ्यांवर लोकरीचं पांघरूण,
थर्मासच्या झाकणात कॉफी,
आणि दोन्ही बाजूंनी फियोर्डचे डोंगर
सप्टेंबरच्या काळोखात काळे, जवळ.

चाळीस वर्षं तिने ही जहाजं
खालून पाहिली,
भांडी विसळता विसळता.
पांढरी आख्खी आळी पाण्यावरून चालत जायची
आणि एकेका बाल्कनीतला दिवा
हाल्वरच्या उशीवर येऊन पडायचा.
पहाटे तीनला जाळी टाकायला जाणारा माणूस,
कूस बदलत म्हणायचा,
"ह्यांना झोपा नाहीत का गं?"

वळण आलं.
चर्चचा कळस, धक्का,
उतारावरची सहा घरं.
पाचवं तिचं.
म्हणजे, होतं.

गुडवोरने हात मागे नेला,
दिवा मालवला.

पाचव्या घरातही अंधार.
कोण राहतं आता, ठाऊक नाही;
निजलेत, एवढं दिसलं.
तेवढ्यानेच तिची पाठ
खुर्चीला पहिल्यांदा नीट टेकली.

मग पत्र्यापलीकडे बाळ उठलंच,
टाहो फोडून.
रडू दे बापड्याला, ती मनात म्हणाली.
कॉफी अजून गरम होती.