बिद्दू

कारखान्यात शिफ्ट पहाटे पाचला लागते.
त्याआधी तासभर मी नुसतीच उठून बसते,
रादेकचं पांघरूण सारखं करते,
चहा ठेवते, तो निवतो, परत ठेवते.

मंगळवारी तो झोपेत बोलला.
एकच शब्द, दोनदा. बिद्दू. बिद्दू.
घरात फक्त पोलिश बोलायचं, असा नियम आहे,
फ्रीजच्या दारावर यागोदाच्या अक्षरात लावलेला,
खाली आम्हा चौघांच्या सह्या.
पण झोपेला कोण सह्या करायला लावणार.

आमच्या टेबलाची काच खालून उजळलेली असते.
कॉडचा तुकडा ठेवला की
काटा न् काटा, किडा न् किडा सावलीसारखा दिसतो.
सुरीचं टोक, हलका झटका, पुढचा तुकडा.
नऊ वर्षं करतेय, आता हाताला डोळे फुटलेत.
आणि पोटच्या पोराच्या आत काय रुतलंय
ते विचारायला शेजारणीकडे बघावं लागतं.

स्टेइनुनच्या कानात आवाजाचे बोळे.
मी ओरडले, बिद्दू म्हणजे काय?
तिने हात उभा धरला, पंजा पसरून.
बटणाजवळच्या नव्या पोराने तो पाहिला
आणि अख्खा पट्टा बंद केला.
सगळं थांबलं. मासे, पाणी, बायका.
एवढ्या शांततेत ती म्हणाली, हेच.
थांब ना.
मुकादम आला, आम्हा दोघींना बोलला,
त्याचं सगळं मला समजलं. शिव्या लवकर येतात.

कुणाला म्हणाला असेल?
रस्त्यात तर तोच दहा पावलं पुढे चालतो,
माझं तोडकंमोडकं बोलणं मित्रांच्या कानावर पडू नये म्हणून.

दोन हिवाळे म्हणून आलो होतो.
आईच्या घराचं छप्पर तेवढं व्हायला हवं होतं.
छप्पर झालं. मग खिडक्या. मग विहिरीवर पंप.
आता त्या घराला काही म्हणजे काही कमी नाही,
आई एकटीच सगळे दिवे लावते, फोनवर दाखवते.

इथे नोव्हेंबरात सूर्य डोंगरामागे जातो
तो जानेवारी सरता सरता उगवतो,
त्या दिवशी घरोघरी पॅनकेक करतात.
यंदा ढग होते. तरी केले.
रादेकने आजीला फोन लावला,
शब्द जुळवत, अडखळत सांगितलं, आजी, आज सूर्य आला.
ती म्हणाली, इकडे तर रोज येतो रे राजा.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
म्हणजे हे आजीला कसं समजवायचं ते तू सांग.
मी तव्याकडे वळले.

शुक्रवारी पुन्हा उशाशी बसले होते,
आज काही बोलतो का म्हणून.
तो नुसता घोरत होता, बापासारखा.
खाली स्टेइनुनच्या गाडीचा हॉर्न वाजला, एकदा, मग लांबलचक,
सगळी गल्ली उठवणारा.
एक बूट पायात, एक हातात,
खिडकी ढकलून मी ओरडले,
बिद्दू!
बर्फाची भुकटी तोंडावर आली.
मागे पलंग करकरला.
रादेक कोपरावर उठून बसला होता,
माझ्याकडे बघत.